आठव्या ओळीचं पाणी

शिवपुत्रनं नोटीस तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली ती वेळा बरोबर उतरल्यात का ते बघायला. दुसऱ्यांदा, खालच्या नावासाठी. तिसऱ्यांदा का वाचली हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. चाळ ऑफिसच्या फळ्यावर सायक्लोस्टाइलचा ताजा कागद चार टाचण्यांनी लावला होता, शाई अजून बोटाला लागत होती. गिरणीच्या चाळीतल्या आठ ओळी, त्यांच्या पाण्याच्या पाळ्या, कुठल्या भोंग्याला कुठली ओळ, सगळं जसंच्या तसं. आणि खाली कोपऱ्यात : ‘योजना : वि. म. बिराजदार, क्लार्क’. वि. म. म्हणजे विरुपाक्ष. शेजारच्या टेबलावरचा विरुपाक्ष, ज्याच्या डब्यातली शेंगाचटणी शिवपुत्र गेली नऊ वर्षं खात आला होता. आत्ताही त्याच्या हातात डबाच होता. तो त्यानं उगाच या हातातून त्या हातात घेतला. मागून बॉयलर खात्यातला कुणीतरी म्हणाला, “बिराजदारानं डोकं चालवलं की! लई झकास केलंय.” शिवपुत्र म्हणाला, “व्हय, झकास केलंय.” बोलून गेल्यावर त्याचे कान तापले. आपण खरं बोललो की खोटं, हे त्याला दिवसभर ठरवता आलं नाही.

आता पाण्याची गोष्ट अशी, की बहात्तरचा दुष्काळ पडला तो पडलाच. त्र्याहत्तरचा उन्हाळा लागेपर्यंत गिरणीच्या दोन विहिरींतली एक तळाला गेली आणि दुसरीचं पाणी टाकीत चढवताना पंपाला धाप लागायला लागली. आठ ओळी, ओळीला चाळीस खोल्या आणि चार नळ. नळावर जी भांडणं लागली ती सांगायची सोय नाही, बाया घागरी एकमेकींच्या डोक्यात घालायच्याच बाकी होत्या. चाळ ऑफिसचे साहेब म्हणाले, कुणीतरी पाळ्या लावा. ‘कुणीतरी’ म्हटलं की शिवपुत्रला आपलंच नाव ऐकू यायचं, हा त्याचा स्वभाव. महिनाभर तो पहाटे उठून ओळीओळीनं हिंडला. कुठल्या नळाला घागर भरायला किती वेळ लागतो हे मोजायचं तर घागर एकच हवी, म्हणून रुद्राणीची, त्याच्या बायकोची, माहेरहून आलेली तांब्याची घागर. ती नळाखाली धरायची, हा घड्याळ बघायचा. भरली की ती ते पाणी तिथल्याच कुणाच्यातरी हंड्यात ओतायची, मोजण्यासाठी पाणी सांडलं असतं तर दोघांना तिथून जिवंत सोडलं नसतं. चाळीत घड्याळं किती जणांकडं असणार? म्हणून पाळ्या भोंग्यांवर बांधल्या. सोलापूरचा माणूस भोंग्यावर उठतो आणि भोंग्यावर जेवतो. सकाळचे चार भोंगे, भोंग्याला दोन ओळी. टाकी भरलेली असताना पाण्याला जोर असतो, तेव्हा चढावरच्या ओळी आधी आणि सखलातल्या मागनं. साधा हिशेब, पण हिंडल्याशिवाय कुणाला सुचला नव्हता. चढावर होत्या पाचवी, सहावी, सातवी आणि आठवी. आठवी तर सगळ्यात उंच. तरी शिवपुत्रनं ती चौथ्या भोंग्याला, सगळ्यांच्या शेवटी टाकली. कारण आठव्या ओळीत तो स्वतः राहायचा. ज्यानं पाळ्या लावल्या त्यानंच पहिली घागर भरली असं कुणी म्हणायला नको.

ते जुन्या मस्टरच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून त्यानं विरुपाक्षकडं दिलं होतं. विरुपाक्षचं टायपिंग चांगलं, बोलणं चांगलं, साहेबांसमोर त्याचा घसा कोरडा पडायचा नाही. “आठवी शेवटी का रे शिवा? ती तर टेकाडावर आहे,” त्यानं वाचताना विचारलंही होतं. “ऱ्हाऊ दे की.” “आणि खाली नाव टाकू का तुझं?” यालाही शिवपुत्र म्हणाला होता, “ऱ्हाऊ दे की. पाणी काय माझं हाय?” आणि हसला होता. ते हसू त्याला आता आठवायचं तेव्हा दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. पुढचं त्याला टाइमकीपरकडून कळलं. साहेबांनी विचारलं, योजना कुणाची, नाव लागतं. विरुपाक्ष म्हणाला, “माझीच, साहेब.” गिरणीत वेल्फेअर असिस्टंटची जागा निघणार होती, साहेब खूश झाले, पुढच्या रविवारी चाळीतल्या मारुतीच्या पारावर विरुपाक्षला हार घातला. झेंडूचा हार, पाण्याविना सुकलेला. शिवपुत्रनं टाळ्या वाजवल्या. त्याच्या तळहातांना मात्र त्या टाळ्या त्या दिवशी लागल्या, खरंच लागल्या, संध्याकाळपर्यंत हुळहुळत होत्या.

रुद्राणीला हे पारावरच कळलं. घरी येऊन तिनं घागर आपटली नाही, हळूच ठेवली, आणि तिनं भांडं हळू ठेवलं की शिवपुत्रला भीती वाटायची. “तुमी काय बोलला न्हाई?” ती म्हणाली. “काय बोलायचं? पाणी येतंय न्हवं का लोकांला?” “माझ्या घागरीनं मोजलंय ते. तीस दिवस माझा दंड दुखलाय. बिराजदारानं एक तरी घागर उचलली व्हती का?” शिवपुत्र म्हणाला, “जाऊ दे ग. आपण मागनं.” हे ‘आपण मागनं’ त्याच्या घरात पिढ्यांचं होतं. आई वाढताना सगळ्यांच्या शेवटी बसायची, भांडं तिरकं करून तळाचं घ्यायची, आणि लहानपणी त्याला वाटायचं की तिला तळाचंच आवडतं. मग तोही तिच्याबरोबर मागनं बसायला लागला. अक्कलकोटकडच्या त्याच्या गावी मठात श्रावणात दासोह असायचा, सगळ्या गावाला जेवण, आणि जेवणात गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, वर खसखस. तो दहा वर्षांचा असताना मठाच्या स्वामींनी त्याला पहिल्या पंगतीत बसवलं होतं. तेवढ्यात कुणी म्हातारा वाटसरू दारात आला, आणि शिवपुत्र आपणहून उठला, पान त्याला दिलं आणि शेवटच्या पंगतीला गेला. स्वामींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात गरम होता, जाड होता, त्याला भस्माचा वास होता. आयुष्यात काही मनाविरुद्ध झालं की शिवपुत्र डोळे मिटून तो हात डोक्यावर आणायचा, आणि तो यायचा. त्याची धाकटी बहीण नागव्वा, होटगीला रेल्वेत गँगमनला दिलेली, माहेरपणाला आली की हसून म्हणायची, “अण्णा लई देवमाणूस हाय. पर ह्याच्या मागं उभं ऱ्हाऊ नये बाबा.” सगळे हसायचे. तोही हसायचा. रुद्राणीशी बोलणं झालं त्या संध्याकाळी त्यानं डोळे मिटले, तर हात आला खरा, पण नुसता ठेवल्यासारखा. त्यात ऊब नव्हती.

ऑफिसात आता दुपारच्या डब्याचं काहीतरी बिनसलं होतं. विरुपाक्ष चटणीची पुडी पुढं सरकवायचा, पण हात लांब करून, जसा माणूस ओळख नसलेल्या कुत्र्यापुढं भाकरी टाकतो. शिवपुत्र चटणी घ्यायचा. “झकास हाय,” म्हणायचा. हल्ली हा शब्द त्याच्या तोंडात बसलाच होता. नको तितकं गोड बोलायचा तो विरुपाक्षशी, त्याच्या मुलीच्या शाळेचं विचारायचा, त्याचं पेन पडलं तर वाकून उचलून द्यायचा. आणि विरुपाक्ष दिवसेंदिवस खाली मान घालून जेवायला लागला. आपण मोठ्या मनानं वागतोय, असं शिवपुत्रला वाटत होतं. पण रस्त्यानं एकटा चालताना तो स्वतःशी भाषणं करायचा. ‘महिनाभर कोण हिंडलं? सातव्या ओळीच्या तिसऱ्या नळाला घागर भरायला किती लागतं, सांग बघू!’ उत्तर त्याला पाठ होतं. भाषण संपलं की तो घाम पुसायचा आणि आजूबाजूला कुणी बघितलं का ते बघायचा. हवं होतं का त्याला ते नाव? त्या सुकलेल्या झेंडूच्या हारासाठी जीव इतका टाकतो का माणूस? रागापेक्षा त्याला लाज जास्त वाटायची. आपल्यालाही हवं असतं, ही गोष्ट त्याला छत्तीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

पाडव्यापर्यंत ठीक चाललं. मग विहिरीचं पाणी आणखी दोन पुरुष खाली गेलं, टाकी अर्धीच भरायला लागली, आणि चौथ्या भोंग्याला आठव्या ओळीचे नळ नुसते फुसफुसायला लागले. पहिल्या नळाला करंगळीएवढी धार, चौथ्याला हवा. शिवपुत्रनं ते पहिल्याच दिवशी ओळखलं. पाइपाला कान लावायचीही गरज नव्हती. तरी तो आठ दिवस गप्प बसला. स्वतःची घागर त्यानं अर्धीच भरायला सुरुवात केली, कधी रिकामी परत न्यायचा, आणि रुद्राणी काही बोलली की म्हणायचा, “भागतंय की आपलं.” ह्याला काय म्हणावं? आपल्या वाट्याचं पाणी सोडलं की चूक फिटते, असा त्याचा हिशेब. चौथ्या नळाशी, अगदी टोकाच्या खोलीत, सावित्रम्मा राहायची. सूत कांड्यांवर भरायच्या कांडी खात्यात तीस वर्षं काम करून सुटलेली, एकटी, कानडी वळणाचं मराठी बोलणारी, शिवपुत्रला ‘शिवप्पा’ म्हणणारी. ती खाली सातव्या ओळीतून मागून आणून पाणी भरायला लागली होती. एके सकाळी भरली घागर घेऊन चढ चढताना तिचा पाय मुरगळला आणि ती उताणी पडली. शिवपुत्र ऑफिसला निघाला होता तेव्हा लोक तिला उचलत होते. मनगट सुजलेलं, पातळ भिजलेलं, आणि ती दुखण्याचं काहीच न बोलता एकच म्हणत होती, “पाणी गेलं की रे. सगळं पाणी गेलं.” शिवपुत्रला तिच्याजवळ जाता आलं नाही. त्याचे पाय ऑफिसच्या दिशेला वळले.

दहा वाजता आठव्या ओळीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन चाळ ऑफिसच्या दारात आल्या. घागरींवर बांगड्या आपटत होत्या नुसत्या. त्यात रुद्राणीही होती, पदर खोचून, पुढं. सावित्रम्मा हळदीनं माखलेला हात पोटाशी धरून पायरीवर बसली होती. साहेबांनी विरुपाक्षला आत बोलावलं, आणि शिवपुत्रला फाइल घेऊन यायला सांगितलं. “बिराजदार, तुमच्या योजनेत चढावरच्या ओळी आधी आहेत. बरोबर आहे. मग सगळ्यात उंचावरची ओळ शेवटी कशी?” विरुपाक्ष उभा होता. “साहेब, ते...” म्हणाला आणि थांबला. “का ठेवली? काहीतरी कारण असेल ना?” विरुपाक्षला कारण माहीत नव्हतं. ज्याची योजना त्यालाच कारण माहीत असणार! आणि शिवपुत्रच्या पोटात काहीतरी गोड हललं, उगाच कशाला लपवा. काही करायचं नव्हतं त्याला. नुसतं फाइल धरून उभं राहायचं होतं, मागं, जसा तो नेहमी उभा राहायचा. कुणी त्याला वाईट म्हटलं नसतं. नाव घेतलंस ना, मग आता हेही घे. विरुपाक्षच्या शर्टाची कॉलर मागं उसवून उलटी शिवलेली होती. मान घामानं भिजली होती. ही मान त्यानं टायफॉइडच्या वेळी पाहिली होती, तो स्वतः खाटेवर आणि विरुपाक्ष खाली बसून त्याच्या पायाला ओली फडकी लावत असताना. तीन रात्री बसला होता तो. शिवपुत्रनं डोळे मिटले आणि सवयीनं स्वामींचा हात शोधला. पण या वेळी डोक्यावर काही आलं नाही. आला तो त्याच्या स्वतःच्याच हातात एक हात, बारका, चिकट. नागव्वाचा. ती होतीच की तिथं! सहा वर्षांची होती, पहिल्या पंगतीत त्याच्या शेजारीच बसली होती, आणि तो उठला तेव्हा तिलाही त्यानं हाताला धरून उठवलं होतं. शेवटच्या पंगतीपर्यंत हुग्गीचं पातेलं खरवडून झालं होतं. नुसता भात आणि सार. ती रडली नव्हती. दुसऱ्याच्या पत्रावळीकडं बघत बसली होती. आणि तो तिच्याकडं बघत नव्हता, कारण त्याच्या डोक्यावर हात होता.

“साहेब, चूक माझी हाय,” शिवपुत्र म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की दारातल्या बांगड्या थांबल्या. “पाळ्या मी लावल्यात. बिराजदारानं टाइप केल्यात. आठवी शेवटी मी ठेवली. त्यानं विचारलं व्हतं मला, मीच ऱ्हाऊ दे म्हणलो.” साहेबांनी आधी विरुपाक्षकडं पाहिलं, मग याच्याकडं. “तुम्ही? पण का?” “मी तिथं राहतो म्हणून,” शिवपुत्र म्हणाला. “क्लार्कानं स्वतःच्या ओळीला आधी पाणी घेतलं असं कुणी म्हणू नये म्हणून. साहेब, मी एकटा मागं थांबतोय असं मला वाटलं. माझ्या मागं एकोणचाळीस खोल्या हायेत हे मी बघितलंच न्हाई.” त्यानं फाइल टेबलावर ठेवली आणि दाराकडं वळून, त्या सगळ्या बायांच्या देखत, सावित्रम्माला म्हणाला, “आजी, तुमी माझ्यामुळं पडला.” सावित्रम्मानं वर पाहिलं. तिला सगळं कळलं की नाही कोण जाणे. रुद्राणीनं मात्र पदर तोंडाला लावला. छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं तिला झालं होतं, पण सगळ्यांसमोर ते दाखवेल तर ती रुद्राणी कसली!

साहेबांनी शिवपुत्रला मेमो दिला. योजनेच्या फाइलीत त्याचं नाव पहिल्यांदा लागलं ते त्या मेमोनं. वेल्फेअरची जागा पुढं बाहेरच्याच कुणाला तरी मिळाली. पण ते नंतरचं. त्या दुपारी दोघं ऑफिसामागच्या लिंबाखाली बसले होते, डबे उघडे, कुणीच खात नव्हतं. विरुपाक्ष म्हणाला, “मी सांगणार होतो.” “कधी?” “रोज. रोज ठरवून यायचो. आणि तू इतकं चांगलं बोलायचास माझ्याशी, की तोंडच उघडायचं नाही.” चटणीच्या पुडीवर मुंगी चढली होती, ती त्यानं बोटानं काढली. “तू नाव नको म्हणालास, तेव्हा मला वाटलं, ह्याला खरंच नकोय.” “मलाबी तसंच वाटलं व्हतं.” “हवं होतं?” शिवपुत्रनं लिंबाकडं पाहिलं. पाला गळून नवी पालवी आलेली होती, एवढ्या दुष्काळातही. “हवं व्हतं,” तो म्हणाला. “लई हवं व्हतं रे. आणि तू घेतलंस तेव्हा लई वाईट वाटलं. मी तुला शिव्या दिल्यात मनात. रोज.” विरुपाक्षचे डोळे भरले. “मग तोंडावर द्यायच्या की!” तो म्हणाला. “नऊ वर्षं एका डब्यात जेवतोय आपण, एक शिवी तोंडावर देता येत नाही तुला?” शिवपुत्रनं मग एक दिली, चांगली कानडीतली. विरुपाक्ष रडता रडता हसला आणि चटणीची पुडी पुढं सरकवली, या वेळी स्वतः जवळ सरकून.

संध्याकाळी ऑफिस सुटायच्या आधी विरुपाक्षनं नवा कागद टाइप केला. आठवी ओळ पहिल्या भोंग्याला, मग चढाच्या क्रमानं बाकीच्या, सखलातल्या शेवटी, कारण टाकी अर्धी असली तरी तिथवर पाणी आपोआप उतरतं. खाली आला तेव्हा त्याची बोटं थांबली. “नाव?” “शिवपुत्र चनबसप्पा हत्तुरे,” शिवपुत्र म्हणाला. स्वतःचं पूर्ण नाव मोठ्यानं घेताना त्याला परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं, पण त्यानं घेतलं. मग म्हणाला, “आणि खाली लिव्ह, मोजमाप, सौ. रुद्राणी.” नोटीस सहीला गेली तेव्हा साहेबांनी ती खालची ओळ खोडली, गिरणीत असलं काही चालत नाही म्हणाले. सकाळी फळ्यावर पाहिलं तर विरुपाक्षनं पेनानं, सुबक अक्षरात, ती परत लिहिली होती. मी म्हणतो, त्यानं हार परत केला असता तरी त्याचं एवढं मोल झालं नसतं.

नोटीस लागल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला भोंगा झाला तेव्हा उजाडत होतं. आठव्या ओळीत चौथ्या नळाशी रांग लागली होती, आणि नळाला धार होती, चांगली मनगटाएवढी, आवाज करत पडणारी. रुद्राणीनं घरातूनच घागर शिवपुत्रच्या हातात दिली आणि म्हणाली, “आज तुमी जावा.” तो सवयीनं रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिला. पुढच्या बायकांनी मागं वळून पाहिलं, एकमेकींकडं बघून हसल्या आणि त्याला सावित्रम्माच्या पुढं ढकललं, कारण तिचा एक हात बांधलेला, तिची घागर कुणीतरी उचलून द्यायला हवीच होती. नळाशी आल्यावर त्यानं तांब्याची घागर खाली धरली. इथं घागर भरायला किती वेळ लागायला हवा हे त्याला पाठ होतं. अर्धी झाली तसा त्याचा हात आपोआप पुढं झाला, ती उचलायला. मागून सावित्रम्मानं चांगल्या हातानं त्याच्या पाठीत एक बुक्की घातली.

“भर की रे शिवप्पा, काठापोत्तर भर,” ती म्हणाली. “तू भरल्याबिगर माझा लंबर कसा यील?”